पऱ्हाटीतला मारेकरी ढेकूण: छायाचित्र कसे घ्यावे आणि ओळख कशी पटवावी

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वावरात, पऱ्हाटी म्हणजे कपाशी बोंडावर आलेली असताना, मी लाल-काळ्या रंगाच्या एका मोठ्या ढेकणाची चाळीसएक छायाचित्रे घेतली. त्याने कपाशीवरचा तांबडा ढेकूण सोंडेत धरला होता, त्यामुळे तो मारेकरी ढेकूणच असणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. घरी येऊन ती छायाचित्रे एका जाणकार मित्राला दाखवली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, की यापैकी एखाद्या चित्रात त्याची सोंड बाजूने दिसते का. एकाही चित्रात दिसत नव्हती, कारण सगळी चित्रे वरून घेतलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पिकाच्या त्याच तासात, म्हणजे ओळीत, जाऊन ओल्या मातीवर आडवे होऊन बाजूचे एक चित्र मिळवले, तेव्हा कळले की तो मारेकरी ढेकूण नव्हताच. तांबड्या ढेकणाच्याच कुळातला, पण आपल्याच भाऊबंदांना खाणारा अँटिलोकस नावाचा तो ढेकूण होता.

हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींवर आधारलेला आहे. मारेकरी ढेकणाचे देखणे छायाचित्र घेणे फार अवघड नाही, परंतु ज्यावरून ओळख पटेल असे छायाचित्र घेण्यासाठी काय टिपायचे आहे हे कॅमेरा उघडण्यापूर्वीच माहीत असावे लागते. म्हणून या लेखात शरीररचना आधी आणि कॅमेरा नंतर घेतला आहे.

मारेकरी ढेकूण म्हणजे कोणता कीटक

रेड्युव्हिडी या कुळातल्या शिकारी ढेकणांना मराठीत मारेकरी ढेकूण म्हणतात. कृषी विभागाच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख परभक्षी ढेकूण असा आढळतो, तर वावरात काम करणारी माणसे त्यांना बहुधा नुसता किडा म्हणतात आणि तांबड्या ढेकणासोबत चिरडून टाकतात. जगात या कुळाच्या सुमारे ७,००० जातींची नोंद झाली आहे, आणि भारतातून चारशेहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या आहेत. ढेकूण, तुडतुडे, मावा आणि पिठ्या ढेकूण ज्या गणात मोडतात त्याच गणातला हा कीटक असल्यामुळे त्याला चावण्यासाठी जबडे नसतात, तर टोचण्यासाठी सोंड असते. ती सोंड तो अळीच्या अंगात खुपसतो आणि लाळ आत सोडतो. त्या लाळेने भक्ष्य लुळे पडते, त्याच्या आतील ऊती विरघळतात, आणि मग तो रस शोषून घेतला जातो. मागे उरते ते रिकामे, सुरकुतलेले कातडे. पऱ्हाटीच्या पानावर अशी वाळकी अळी लटकलेली दिसली तर आसपासची पाने उलटून पाहावीत.

ओळखीच्या पाच खुणा, ज्या चित्रात आल्याच पाहिजेत

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण सोंडेची आहे. मारेकरी ढेकणाची सोंड जाड, तीन पेरांची आणि बहुतेक जातींत विळ्यासारखी वाकलेली असते. ती डोक्याच्या खालच्या बाजूला चिकटून न राहता कमानीसारखी बाहेर येते आणि तिचे टोक पुढच्या दोन पायांच्या मधोमध, छातीवरच्या एका पन्हळीत टेकते. या पन्हळीत बारीक आडव्या रेघा असतात. ढेकणाला डिवचले असता तो सोंडेचे टोक या रेघांवर घासतो आणि किरकिर असा आवाज काढतो, जो शांत पहाटे कान जवळ नेल्यास ऐकूही येतो. याउलट झाडाचा रस शोषणाऱ्या ढेकणांची सोंड बारीक, सरळ, चार पेरांची असून वापरात नसताना पोटाखाली मागे वळवून ठेवलेली असते.

दुसरी खूण डोक्याची. डोके लांबट असते, आणि डोळ्यांच्या मागे ते अरुंद होऊन मानेसारखे दिसते. बहुतेक जातींच्या प्रौढांमध्ये मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मागे दोन लहान साधे डोळे असतात, जे चांगल्या छायाचित्रात मण्यांसारखे चमकतात. तिसरी खूण पूर्ववक्षाच्या पाठीची, म्हणजे डोक्यामागच्या ढालीसारख्या भागाची. तिच्यावर एक आडवी खाच असते आणि त्यामुळे तिचे पुढचा व मागचा असे दोन खंड पडतात. यांपैकी कोणता खंड मोठा आहे हे उपकुळ ठरवताना फार उपयोगी पडते. चौथी खूण पोटाच्या कडेची. पुष्कळ जातींत पोट पंखांपेक्षा रुंद असते आणि त्याची किनार दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते; त्या किनारीवरचे पट्टे, रंग आणि ठिपके जात ठरवायला मदत करतात. पाचवी खूण पंखांच्या पातळ, पारदर्शक टोकाची. त्या पटलावर शिरांनी वेढलेले दोन मोठे कप्पे दिसतात.

स्पर्शिका चार मुख्य पेरांच्या असतात आणि पुष्कळदा कोपरासारख्या दुमडलेल्या दिसतात, परंतु ही खूण इतर ढेकणांतही थोडीफार आढळत असल्यामुळे केवळ तिच्यावर मी कधीच विसंबत नाही.

कोठे आणि केव्हा शोधावे

विदर्भात मारेकरी ढेकूण शोधण्यासाठी अभयारण्यात जाण्याची गरज नाही. मला सर्वांत जास्त ढेकूण सापडले ते धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या त्या वखर न चाललेल्या पट्ट्यावर, जिथे तरोटा, रुई, बोर आणि गवत एकत्र वाढलेले असते. कापूस, तूर किंवा सोयाबीनच्या तासांपेक्षा धुऱ्याजवळच्या दोन-तीन ओळींत ते अधिक दिसतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ मला सर्वांत फलदायी वाटतो, कारण या दिवसांत पऱ्हाटीवर पाते, फुले आणि बोंडे असतात, अळ्या भरपूर असतात, आणि पहाटेच्या दवामुळे ढेकूण सुस्त होऊन एका जागी बसून राहतात. सकाळी सहा ते आठ हा वेळ साधावा. ऊन चढले की तेच ढेकूण पानाखाली सरकतात आणि जवळ जाऊ देत नाहीत.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, वाणी किंवा पैसा नावाचे ते अनेक पायांचे जीव वावरात आणि ओल्या पाचोळ्यात मोठ्या संख्येने निघतात तेव्हा, त्यांच्या मागोमाग एक्ट्रिकोडिनी उपकुळातले ढेकूण दिसू शकतात. हे वाणी खाणारे ढेकूण असून एकाच मोठ्या वाणीला लहान पिल्लांचा घोळका लागलेला पाहायला मिळतो. सोयाबीनचे कोवळे मोड वाणी कुरतडते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या ढेकणाचे मोल वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि झुडपी जंगलातली जमीन वाळवंटासारखी कोरडी दिसू लागते, तेव्हा दगडाखाली, वाळक्या सालीखाली आणि वारुळाच्या आसपास शोधावे. तिथे अॅकँथास्पिस आणि एक्टोमोकोरिस या प्रजातींचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) ढेकूण सापडतात. गोठ्याच्या आढ्याला कोळ्यांची जाळी असतील तर तिथे धाग्यासारख्या पायांचे बारीक मारेकरी ढेकूण असतात, जे पहिल्या नजरेला डासासारखे वाटतात. पण त्यांचे पुढचे दोन पाय खंडोबाच्या घोड्याच्या, म्हणजे प्रार्थनाकीटकाच्या, पायांप्रमाणे पकड घेणारे असतात. रात्री अंगणातल्या दिव्याखाली भुरकट, लांबट ऑन्कोसेफॅलस येऊन बसतो.

जाण्यापूर्वीची खबरदारी

वावर दुसऱ्याचे असेल तर मालकाला आधी विचारावे, आणि विचारताना शेवटची फवारणी केव्हा झाली हेही विचारावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही गोष्ट आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. छायाचित्र घेणारा माणूस तर पानांच्या अगदी जवळ तोंड नेतो आणि जमिनीवर आडवा पडतो, म्हणून फवारणी झालेल्या वावरात मी किमान आठवडाभर पाऊल ठेवत नाही.

अंधारात वावराकडे जायचे असेल तर रानडुकरांसाठी लावलेल्या तारांची चौकशी केल्याशिवाय जाऊ नये, कारण काही ठिकाणी त्यांत प्राणघातक वीज सोडलेली असते. टिपेश्वर, ताडोबा किंवा मेळघाट यांच्या लगतच्या गावांत पहाटे एकट्याने धुऱ्यावर वाकून बसणे टाळावे, कारण वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. संरक्षित क्षेत्राच्या आत पायी फिरण्यासाठी आणि कोणताही जीव पकडण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते.

दगड उचलताना पलीकडची कड धरून तो आपल्या दिशेने उचलावा, म्हणजे दगड आपल्या आणि खाली असलेल्या विंचवाच्या किंवा सापाच्या मध्ये उभा राहतो. पाहून झाल्यावर दगड हळूच, होता त्याच खाचेत परत ठेवावा. ही सवय नसलेल्या लोकांनी एकाच सकाळी माळ उलथापालथा केलेला मी पाहिला आहे, आणि तिथे पुढच्या उन्हाळ्यात काहीच सापडले नाही.

मारेकरी ढेकणाला बोटाने कधीही धरू नये. तो स्वतःहून अंगावर येत नाही, पण पकडला की सोंड खुपसतो, आणि ती वेदना गांधीलमाशीच्या डंखाच्या तोडीची असते. दंश झाल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी व थंड पाण्याची पट्टी ठेवावी. सूज पसरू लागली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

साधने

महागडा कॅमेरा नसेल तरी अडत नाही. साध्या मोबाइलला लावायचे दहा ते पंधरा पटींचे चिमट्याचे मॅक्रो भिंग पुरेसे काम देते, फक्त त्यासाठी ढेकणापासून अवघ्या काही सेंटिमीटर अंतरावर जावे लागते. काही फोनमध्ये मॅक्रो म्हणून दिलेला वेगळा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यावर भिंग लावून घेतलेले चित्र नेहमीच अधिक तपशीलवार येते. डिजिटल झूम वापरू नये, चित्र नंतर कापता येते.

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग सोयीचे, कारण त्यात कीटकापासून दूर राहूनही पूर्ण आकाराचे चित्र मिळते. छिद्र (अॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ दरम्यान ठेवावे. त्याहून उघडे ठेवल्यास डोळा स्पष्ट येतो आणि सोंडेचे टोक धूसर होते, आणि आपल्याला तर दोन्ही हवे आहेत. फ्लॅश वापरत असाल तर शटर एक द्विशतांश सेकंदाच्या आसपास ठेवावा.

प्रकाश मऊ करणे ही या कामातली खरी कसोटी आहे, कारण मारेकरी ढेकणाचे अंग चकचकीत असते आणि थेट फ्लॅशमध्ये त्यावर पांढरे डाग पडतात, ज्यांच्याखाली नेमके हवे असलेले काटे आणि रंग झाकले जातात. फ्लॅशसमोर बटर पेपरचे दोन थर अर्धगोल वाकवून बांधले की पुरते. मोबाइलवाल्यांनी पांढऱ्या कागदाचा तुकडा ढेकणाच्या सावलीच्या बाजूला धरावा. काळ्या अंगाच्या ढेकणाला कॅमेरा गरजेपेक्षा उजळ करतो, म्हणून उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे अर्ध्या पायरीवर ठेवावी. लाल रंगाचे चित्र काढल्यावर पडद्यावर मोठे करून पाहावे. लाल भाग सपाट डागासारखा दिसत असेल तर उजेड आणखी कमी करावा, कारण लालातला तपशील सर्वांत आधी जळतो.

याशिवाय पिशवीत एक कपड्यांचा चिमटा, एक तुराटी म्हणजे तुरीची वाळकी काडी, मिठाईची पारदर्शक प्लास्टिकची डबी, आलेख कागदाचा लहान तुकडा आणि वही-पेन्सिल ठेवावी. तुराटीचा उपयोग असा की वाऱ्याने फांदी हलत असेल तर ती पऱ्हाटीच्या शेजारी जमिनीत रोवून फांदीचा शेंडा चिमट्याने तिला हळूच पकडता येतो.

प्रत्यक्ष छायाचित्र: कोणत्या क्रमाने काय घ्यावे

ढेकूण दिसताच धावत जवळ जाऊ नये. पहिले चित्र चार-पाच फुटांवरून, तो ज्या झाडावर आहे ते झाड आणि भोवताल दिसेल असे घ्यावे. हे चित्र निरुपयोगी वाटते, पण घरी गेल्यावर ढेकूण पऱ्हाटीवर होता की शेजारच्या तरोट्यावर, हे याच चित्रावरून कळते. मग गुडघ्यावर येऊन, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा दिशेने, थांबत थांबत सरकावे. तो पानाच्या मागे गेला तर पान ओढू नये. पलीकडच्या बाजूने हात हळूच जवळ न्यावा, म्हणजे हाताला टाळण्यासाठी तो पुन्हा आपल्या बाजूला येतो.

दुसरे चित्र वरून, अगदी काटकोनात घ्यावे, ज्यात डोके ते पंखाचे टोक एका पातळीत स्पष्ट असेल. पूर्ववक्षाचे दोन खंड, त्यामागची त्रिकोणी ढाल, पंखावरचे डाग, पोटाची किनार आणि पटलावरचे कप्पे या एका चित्रात येतात.

तिसरे चित्र बाजूचे, आणि माझा सर्व आग्रह या चित्रासाठी आहे. कॅमेरा ढेकणाच्या उंचीवर आणावा, त्यासाठी पोटावर झोपावे लागले तरी चालेल. केंद्रबिंदू डोळ्यावर न ठेवता डोळा आणि सोंडेचे मूळ यांच्या मधोमध ठेवावा, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या खोलीच्या मोजक्या एक-दोन मिलिमीटरमध्ये दोन्ही सामावतात. या अंतरावर स्वयंचलित फोकस पुढे-मागे भटकत राहतो, म्हणून फोकस एका जागी पक्का करून स्वतःच श्वास रोखून किंचित पुढे-मागे झुलावे आणि सलग दहा-बारा चित्रे घ्यावीत. त्यातली दोन-तीन हमखास स्पष्ट येतात. ढेकूण शिकार खात असेल तर सोंड भक्ष्यात असल्यामुळे तिचा आकार आणखी चांगला दिसतो. फक्त भक्ष्य कोणते हेही ओळखता येईल इतका भाग चौकटीत ठेवावा.

चौथे चित्र समोरून, चेहऱ्याचे. पाचवे पुढच्या पायांचे, कारण काही उपकुळांत पुढच्या मांड्या जाड असतात आणि नळीच्या, म्हणजे मांडीखालच्या भागाच्या, टोकाला भक्ष्य पकडण्यासाठी केसाळ गादी असते. सहावे खालून. पान उन्हाकडे असेल आणि ढेकूण कडेवर असेल तर खालून फ्लॅशने ते मिळते. नाहीतर डबी उघडी करून पानासकट तिच्यात घ्यावा, झाकण लावावे, डबी वर उचलून तळातून चित्र घ्यावे आणि दोन-तीन मिनिटांत त्याच झाडावर सोडावा. डबीखाली आलेख कागद धरून एक चित्र घेतले की मिलिमीटरमध्ये लांबीही मिळते. काही लोक कीटक शांत राहावा म्हणून त्याला शीतकपाटात ठेवतात. तसे करू नये, कारण गारठलेल्या कीटकाची बसण्याची ढब नैसर्गिक राहत नाही आणि तो दगावूही शकतो.

ओळख पटवताना

घरी आल्यावर सर्वांत आधी बाजूचे चित्र उघडावे. सोंड जाड, वाकलेली, तीन पेरांची असेल तरच पुढे जावे.

आपल्या भागात गफलत होते ती मुख्यतः चार जणांशी. कपाशीवरचा तांबडा ढेकूण, म्हणजे डिसडर्कस, बोंडावर थव्याने असतो, त्याच्या डोक्यामागे पांढरी पट्टी, प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका आणि पोटाखाली पांढऱ्या आडव्या रेघा असतात. त्याला साधे डोळे नसतात. अँटिलोकस त्याच्याच कुळातला असल्यामुळे त्यालाही साधे डोळे नसतात, पण तो अंगाने मोठा, पांढऱ्या रेघांशिवायचा आणि तांबड्या ढेकणाची शिकार करणारा आहे. म्हणजे शिकार करताना दिसला, एवढ्यावरून कोणाला मारेकरी ढेकूण ठरवू नये, ही माझी पहिली चूक नेमकी इथेच झाली होती. रुईवर दिसणारा लाल-काळा स्पिलोस्टेथस साधे डोळे बाळगतो, परंतु त्याची सोंड सरळ आणि पोटाला चिकटलेली असते व पंखाच्या पटलावर कप्प्यांऐवजी चार-पाच सुट्या शिरा असतात. चौथा म्हणजे अळ्या खाणारा ढालकिडा, इओकँथेकोना. त्याची सोंड जाड असते, पण स्पर्शिका पाच पेरांच्या आणि त्रिकोणी ढाल पाठीवर खूप मागेपर्यंत गेलेली असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने अँटिलोकस आणि इओकँथेकोना हे दोघेही मित्रच आहेत, तेव्हा ओळख चुकली तरी त्यांना मारू नये.

कूळ ठरल्यावर उपकुळाकडे यावे. पऱ्हाटी, तूर आणि धुऱ्यावरच्या झुडपांवर दिवसा फिरणारा, लांब डोक्याचा, लाल-काळ्या रंगाचा ढेकूण बहुधा ऱ्हायनोकोरिस असतो. त्यातला ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटस मोठा असून त्याच्या नावातच किनारीचा उल्लेख आहे. गंमत अशी की त्याची किनार सर्वांमध्ये सारखी नसते. कोणाची पूर्ण लाल, कोणाची पूर्ण काळी, तर कोणाची लाल-काळ्या पट्ट्यांची असते, आणि हे तीनही प्रकार एकाच जातीचे आहेत. केवळ किनारीच्या रंगावरून तीन वेगळ्या जाती नोंदवण्याची चूक अनेकजण करतात. ऱ्हायनोकोरिस फुसिपिस त्याहून लहान असतो. हिरवी बोंडअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी या दोन्ही जाती या ढेकणांच्या आहारात असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

जमिनीवर, दगडाखाली सापडलेल्या ढेकणाच्या पूर्ववक्षाची पाठ पाहावी. पुढचा खंड मागच्यापेक्षा लांब असेल, म्हणजे आडवी खाच मध्याच्या मागे असेल, आणि पुढच्या मांड्या जाड असतील, तर तो पायरॅटिनी उपकुळातला, बहुधा एक्टोमोकोरिस. याचा दंश फार दुखतो. काळ्या अंगावर पिवळसर डाग आणि पूर्ववक्षाच्या मागच्या कोपऱ्यांवर काटे असतील तर अॅकँथास्पिसचा विचार करावा. त्रिकोणी ढालीच्या टोकाला एकमेकांपासून दूर असे दोन काटे असतील आणि जवळपास वाणी असतील, तर तो वाणीखाऊ एक्ट्रिकोडिनी.

एक वेगळा इशारा घरात सापडणाऱ्या ढेकणाबद्दल. गडद तपकिरी, पोटाच्या कडेला नारिंगी-तांबडी किनार असलेला, आणि मारेकरी ढेकणांपेक्षा सरळ, बारीक सोंडेचा मोठा ढेकूण घरात, विशेषतः उंदीर असलेल्या जागी आढळला तर तो ट्रायाटोमा रुब्रोफॅसिएटा असू शकतो. हा याच कुळातला, पण रक्त पिणारा आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत या गटातले ढेकूण चागास रोग पसरवतात. तो रोग भारतात या ढेकणामुळे पसरत नसला तरी दंशामुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून त्याचे चित्र घ्यावे, हात लावू नये.

पिल्लांची ओळख हा सर्वांत अवघड भाग आहे. मारेकरी ढेकणाचे पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते. पिल्लांना पूर्ण पंख नसतात आणि साधे डोळेही नसतात, त्यामुळे वर सांगितलेल्या खुणांपैकी दोन गळून पडतात. वाकलेली सोंड मात्र पहिल्या दिवसापासून असते. ऱ्हायनोकोरिसची लाल पिल्ले तांबड्या ढेकणाच्या पिल्लांसारखीच दिसतात, म्हणून इथे तर बाजूच्या चित्राला पर्यायच नाही. अॅकँथास्पिसच्या पिल्लांचे चित्र एकदा तरी अवश्य घ्यावे. ती अंगाला धूळ चिकटवतात आणि त्यावर खाल्लेल्या मुंग्यांची कलेवरे पाठीवर लादून फिरतात. वारुळाजवळ चालणारे मातीचे ढेकूळ दिसले तर ते हेच. आफ्रिकेतल्या याच प्रजातीवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की उड्या मारणारे कोळी हे ओझे वाहणाऱ्या पिल्लांवर उघड्या पिल्लांपेक्षा बरेच कमी हल्ले करतात. छायाचित्रात धुळीखालचे पिल्लू वेगळे दिसण्यासाठी प्रकाश एका बाजूने, खालच्या कोनातून द्यावा आणि केंद्रबिंदू डोळ्यावर ठेवावा, कारण तेवढाच भाग धुळीतून मोकळा असतो.

जात पटली नाही तर प्रजातीवर थांबावे, प्रजाती पटली नाही तर कुळावर. चुकीचे जातीचे नाव लिहिण्यापेक्षा रेड्युव्हिडी एवढीच नोंद अधिक कामाची असते. जुने वाङ्मय चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ब्रिटिश काळात कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी केलेल्या वर्णनांत आजचा ऱ्हायनोकोरिस हार्पॅक्टर या नावाखाली आढळतो, त्यामुळे आजचे नाव शोधून ते तिथे मिळणार नाही.

नोंद

चित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या ठिकाणी देताना एका ढेकणाची सर्व सहा चित्रे एकाच नोंदीत द्यावीत. वेगवेगळ्या नोंदी केल्या तर पाहणाऱ्याला बाजूचे चित्र कोणत्या ढेकणाचे हे कळत नाही. तारीख आणि वेळ चित्रातच साठवलेली असते, परंतु झाड कोणते, भक्ष्य कोणते, ढेकूण जमिनीपासून किती उंचीवर होता, आणि वावरात शेवटची फवारणी केव्हा झाली, हे वहीत लिहिल्याशिवाय उरत नाही. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो: पऱ्हाटी, धुऱ्यापासून दुसरी ओळ, शेंड्याकडून तिसरे पान, खालची बाजू, ऱ्हायनोकोरिस, पिल्लू, पंखांचे कोंब दिसतात, सोंडेत हिरवी अळी, सकाळी ६:४०, दव, फवारणी नाही.

पऱ्हाटीच्या त्याच पानाकडे पुढचे चार दिवस मी रोज गेलो. तिसऱ्या दिवशी पानाच्या देठाला एक पोकळ लाल कात चिकटलेली होती आणि तिच्यापासून वितीभर अंतरावर, अजून फिकट नारिंगी आणि मऊ असलेला, नुकताच पंख फुटलेला प्रौढ बसला होता. कात टाकल्यानंतर रंग गडद व्हायला काही तास लागतात, आणि त्या वेळेत घेतलेले चित्र रंगावरून ओळखायला गेल्यास हमखास चूक होते. म्हणून असा फिकट ढेकूण दिसला तर त्याची कात शोधून तिचेही चित्र घ्यावे आणि दुपारी रंग भरल्यावर त्याच ढेकणाचे पुन्हा एकदा चित्र घ्यावे.